साहेबांची आग

आमच्या रेंजरसाहेबांना लोकांची मतं विचारायचा भारी नाद होता. आता मत विचारणाऱ्यानं निदान ते ऐकून तरी घ्यावं. पण समोरचा तोंड उघडायच्या आत हे स्वतःचं मत सांगायला लागत, आणि तो चुकून वेगळं काही बोललाच तर त्याचं मत बदलेपर्यंत त्याला सोडत नसत. डहाणू स्टेशनातला तिकीटबाबू, पोस्टमास्तर, न्हावी, लाकडाच्या वखारीवरचा हमाल, सगळ्यांना प्रश्न एकच. जंगल जाळावं की नाही? तुमचं काय मत?

विचारणारा माणूस खाकीतला, जंगलखात्याचा. जंगल जळू न देणं हेच ज्याचं काम, तो भर बाजारात असलं विचारतो म्हटल्यावर ऐकणारा आधी दचकायचा, मग इकडेतिकडे बघायचा आणि मग "छे छे, जंगल कशाला जाळायचं" असं काहीतरी पुटपुटून सटकायला बघायचा. न्हाव्यानं एकदा घाबरून "जाळावं की" म्हणून टाकलं. तर साहेब अर्ध्या दाढीनिशी खुर्चीतून उठले आणि त्याला धारेवर धरलं. कधी जाळावं? माघात की चैत्रात? वारा कुठला असताना? नुसतं जाळावं म्हणजे काय? न्हावी बिचारा वस्तरा हातात धरून उभा. त्या दिवसापासून साहेब लांबून दिसले की तो मागच्या दारानं चहाला जायला लागला.

मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. डहाणूहून तलासरीकडे जाताना एका फाट्यावर आमचं कौलारू ऑफिस होतं. मी वरोरचा, होडीवाल्यांच्या घरातला. आमच्या घरात समुद्र सोडून खुर्चीत बसणारा मी पहिला, त्यामुळे घरच्यांना वाटे की पोरगं सुखात, सावलीत आहे. सावली कसली नि काय! सायकल घेऊन मी आपला त्या माणसाच्या मागे उन्हातान्हात डोंगर चढतोय. ते पुढे चालायचे, मध्येच थांबायचे, सागाचं वाळकं पान उचलायचे, कानाशी धरून चुरगळायचे आणि म्हणायचे, "कारकून, ऐका." मी ऐकायचो. पान चुरगळल्याचा आवाज येतो तसाच यायचा. ते म्हणायचे, "अजून चार दिवस आहेत." कशाला चार दिवस आहेत हे विचारायची सोय नव्हती, कारण मग तासभर उभं राहावं लागे.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं, आणि म्हणूनच जास्त राग यायचा. थंडीत गवत वाळतं, मग सागाची पानं गळतात. हा सगळा पाचोळा चैत्रापर्यंत कडक होतो. त्यात ठिणगी पडली की आग झाडाच्या उंचीनं चालते, लहान रोपं मुळापर्यंत भाजते. पण माघात पहाटेचं दव असतं, जमीन पुरती सुकलेली नसते. तेव्हा आपणच आग लावली तर ती घोट्याएवढी राहते, रांगत जाते, हव्या त्या जागी विझवता येते. असा जाळून काढलेला काळा पट्टा लागवडीभोवती ठेवला की चैत्रातली आग त्याच्यापाशी येऊन उपाशी मरते. माघातल्या आगीला साहेब थंड आग म्हणत. आगीबद्दल ते घरातल्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलत. "आधी आपण जाळायचं, म्हणजे मग ती जाळत नाही," हे तर मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

ते विडी ओढत नसत, पण खिशात काडेपेटी कायम. ती कुणाला देत नसत. मला विडीची सवय होती, कधी काडी मागितली तर म्हणत, "ही कामाची आहे." घरीही तीच तऱ्हा. वहिनी चुलीपुढे बसल्या की हे पाट घेऊन शेजारी बसणार आणि लाकूड कसं सारायचं, फुंकर कुठून घालायची हे शिकवणार. वहिनी सातारकडच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या मला एकदा म्हणाल्या, "भावजी, यांना सकाळी लवकर ऑफिसात बोलावत जा हो. माझ्या भाकऱ्या करपतात."

पण गोष्ट चुलीची नव्हती. डोंगरीपाड्याच्या वरच्या उतारावर साहेबांनी आल्या आल्या सागाची लागवड करून घेतली होती. त्याआधीची लागवड तिथेच चैत्रातल्या वणव्यात जळून गेली होती. ही नवी रोपं त्यांना जगवायची होती. त्यांची बाकीची बडबड, मतं विचारणं, पानं चुरगळणं, सगळं त्या उतारासाठी होतं. आणि उताराखालच्या पाड्याला जगवायचं होतं भात. भात राबावर अवलंबून, आणि राब आमच्या खात्यावर.

राब म्हणजे बी टाकायच्या आधी जमिनीवर फांद्या, पाला, शेण पसरून ती भाजून काढायची. त्यासाठी जंगलातल्या फांद्या छाटायची पाड्याला सवलत होती. सवलतीला अट अशी, की जंगलात धूर दिसला रे दिसला की सगळ्या पाड्यानं धावत यायचं आणि आग विझवायची. साहेब यायच्या आदल्या वर्षी पाडा आला नाही, कारण पाडाच्या पाडा लग्नाला गेला होता. खात्यानं सवलत हंगामभर बंद केली. राब नाही म्हणून रोप धड उगवलं नाही, रोप नाही म्हणून भात नाही. लोकांनी ते वर्ष कडूकंद उकडून काढलं. पाड्याचा कारभारी लखमा तेव्हापासून धूर दिसला की जेवणावरून उठायचा.

हे सगळं साहेबांना मी सांगितलं होतं. अगदी नीट, बसवून सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटलं, हीच माझी चूक.

पहिल्या माघात साहेबांनी बेत आखला. धोका कळावा म्हणून उताराच्या कडेनं लाल झेंड्या लावायच्या. मी म्हटलं, साहेब, लाल नको. का, म्हणाले, जगभर धोक्याला लालच असतो. म्हटलं, जगात असेल, तलासरीत लाल झेंडा लागला की लाल बावट्याची सभा असते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच सभा भरवणार होतो. झेंड्या लागल्या. सकाळी आम्ही चढून गेलो तर आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं बायकापोरांसकट सागाखाली शिस्तीत बसलेली, भाषणाची वाट बघत. साहेबांना काय, आयतीच सभा मिळाली. त्यांनी थंड आगीवर चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. संपल्यावर एक म्हातारा उठला आणि त्यानं विचारलं, की ते सगळं ठीक, पण यंदा गवतकापणीचा भाव काय ठरला?

त्या दिवशी जाळणं झालं नाही. झेंड्या काढून आठवड्यानं पुन्हा गेलो. साहेबांनी पान कानाशी धरलं, वारा बघितला, खिशातली काडेपेटी काढली आणि गवताला काडी लावली. आग खरंच घोट्याएवढी होती. हळूहळू पुढे सरकत होती, मागे काळी जमीन सोडत होती. साहेबांचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी नंतर फारसा पाहिला नाही.

आणि खालून ओरडा आला. बघतो तर अख्खा डोंगरीपाडा हातात हिरव्या फांद्या घेऊन धावत येतोय. लखमा सगळ्यांच्या पुढे. साहेब हात वर करून ओरडायला लागले की थांबा, विझवू नका. लोकांना वाटलं साहेब उशीर झाला म्हणून रागावलेत. ते आणखी जोरात धावले, आणखी जोरात झोडपायला लागले. साहेब दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथे काडी लावली. अर्धा पाडा तिकडे पळाला. साहेब ओरडत आणि लोक झोडपत. मी मध्ये उभा राहून दोन्हीकडे हात हलवत होतो, माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. दुपारपर्यंत आग पार विझली. उतारावर गोधडीसारखी काळीपिवळी ठिगळं उरली आणि साहेब एका दगडावर डोकं धरून बसले.

लखमानं भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी आणलं. सगळं अंग राखेनं माखलेलं, भुवया जळालेल्या. त्यानं साहेबांपुढे पाणी धरलं आणि समजूत घालावी तसं म्हणाला, "इजली साहेब. आता काय भेव नाय. पाडा सगळा आलता, तेवढं ध्यानात ठेवा."

साहेब पाणी प्यायले. रागावायचं कुणावर? परतीच्या वाटेवर ते काही बोलले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच त्यांची बडबड हवीशी वाटली.

मग वर्षभर शिकवणी. दर बाजाराला साहेब पाड्यावरच्या लोकांना गाठून सांगत, की खात्याची आग वेगळी आणि वणवा वेगळा. लोक मान डोलवत. आग ती आग, एक चांगली आणि एक वाईट हे त्यांना कसं पटावं? सरकारनं काडी ओढली तर जंगल राखणं आणि आपण ओढली तर गुन्हा, हे मला तरी कुठे पटत होतं. शेवटी साहेबांनी खूण ठरवली. पिवळं निशाण. ते जिथे उभं असेल तिथली आग साहेबांची, तिला हात लावायचा नाही, काही झालं तरी नाही. पिवळं कापड कुठून आणायचं यावर त्यांनी फार विचार केला नाही. वहिनींची हळदी रंगाची साडी दोरीवरून नाहीशी झाली आणि तिची निशाणं झाली. वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. साहेबांना ते लक्षातही आलं नाही.

दरम्यान किनाऱ्यावरही आमची कीर्ती पसरली होती. वरोरला माझी मावशी बोंबील सुकवायची. सागाचे वासे रोवून, त्यावर दोऱ्या ताणून बोंबील टांगलेले. एका सकाळी तिच्या बोंबलांवर राख पडली. ती आमच्या जंगलातली, कुणाच्या शेतातली, की आगगाडीच्या इंजिनाची, देव जाणे. मी घरी गेलो तर मावशीनं मला उंबऱ्यातच धरलं. "तुज्या साहेबाला सांग, आग लावायचीच तर वारा बगून लाव. पहाटचा वारा जमनीवरून दर्यावर येतो, येवढं पन त्याला ठाव नाय? सगली राख आमच्या बोंबलावर."

मी मूर्खासारखं हे साहेबांना सांगितलं. मला वाटलं, जरा ओशाळतील. ते उठून उभेच राहिले. म्हणाले, एवढ्या लोकांना विचारलं, वाऱ्याबद्दल बोलणारी ही पहिली. मी त्यांना भेटणार. मी हरप्रकारे अडवलं. ऐकतात कुठले! खाकी घालून, पट्टा लावून मावशीचं अभिनंदन करायला माझ्याबरोबर वरोरला आले. आळीच्या तोंडाशी खाकी दिसली मात्र, माणसं आरडत पळाली. सागाच्या वाशांना जंगलखात्याचा पास लागतो, तो एकाकडेही नव्हता. आम्ही मावशीच्या दारात पोचेपर्यंत सगळ्या आळीनं वासे उपटून गवताखाली, होडीखाली, जागा मिळेल तिथे लपवले होते आणि ओले बोंबील वाळूत पडले होते. साहेबांना त्यातलं काही दिसलं नाही. त्यांनी वाळूतून वाट काढत मावशीला नमस्कार केला आणि पहाटेच्या वाऱ्यावर तिचं मत विचारलं. मावशीनं सांगितलं की तिला वाऱ्यातलं काही कळत नाही. पुढे कितीतरी महिने वरोरला मला पाणीसुद्धा कुणी धड विचारत नव्हतं.

दुसरा माघ आला. पिवळी निशाणं लागली. साहेबांनी काडी ओढली. पाडा आला, पण हात बांधून खालीच बसून राहिला. आग रांगत रांगत पाड्याच्या बाजूनं गेली आणि उताराची खालची कड सबंध काळी झाली. लखमाची बोटं सारखी फांदीकडे जात होती, पण त्यानं स्वतःला आवरलं. साहेबांनी सगळ्यांना गूळ वाटला. त्या दिवशी मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वरची कड, डोंगरमाथ्याकडची, आठवड्यानं जाळायची होती. निशाण तिथे लावूनही झालं होतं. पण धूर लांबवर दिसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच एक चिकूचे बागवाले शेठ घोडागाडीतून ऑफिसात आले आणि साहेबांना म्हणाले, "जंगल तमारुं, पण धुमाडो मारो?" त्यांचा चिकूचा मोहोर धुरानं गळेल अशी त्यांना भीती. साहेबांनी त्यांना मत विचारलं. शेठनी ते साहेबांना न सांगता वरच्या साहेबांना सांगितलं. गवताच्या व्यापाऱ्यांनीही सांगितलं, की सरकार विकाऊ गवत जाळतंय. शाळेच्या हेडमास्तरांनी सांगितलं, की पाखरांची घरटी जळतात. सगळ्यांनी मिळून सांगितल्यावर चार दिवसांत वरून हुकूम आला, की जाळणं ताबडतोब बंद. जन्मभर मतं विचारणाऱ्या माणसाला एकदाची सगळ्यांची मतं मिळाली.

साहेब हुकूम मोडणारे नव्हते. परवानगीसाठी मात्र त्यांनी पिच्छा पुरवला. वरच्या कडेचं निशाण काढून टाकू का, असं मी विचारलं, एकदा नाही, कितीदा तरी. "राहू दे, परवानगी येईल," एवढंच म्हणायचे. माघ गेला, होळी गेली. गवत कडक झालं. पान चुरगळून बघायची गरज उरली नाही, पायाखाली नुसतं कुरकुरत होतं. निशाण आपलं माथ्यावर फडफडतंय.

चैत्रातल्या त्या दिवशी सकाळपासून साहेब नि मी ऑफिसात होतो. चहात साखर जास्त झाली म्हणून ते माझ्यावर चिडले होते, म्हणून मला पक्कं आठवतं. दुपारी डोंगरीपाड्याकडे धूर दिसला. पांढरा नाही, काळा, आणि उंच. आम्ही सायकली घेऊन निघालो. मी जन्मात तशी सायकल मारली नसेल.

मोहाची फुलं वेचायला कुणी झाडाखालचा पाला पेटवला असेल, कुणाची विडी असेल, आजतागायत कळलेलं नाही. आग माथ्यावरून, न जाळलेल्या कडेनं लागवडीत शिरली होती. रोपं पेटवत फुटाफुटानं खाली येत होती. आणि पायथ्याशी मोहाच्या सावलीत अख्खा डोंगरीपाडा शांतपणे बसला होता. गुरं बांधलेली, पोरं मांडीवर, पाण्याचे हंडे भरून ठेवलेले. आम्हाला बघून लखमा उठला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, कोणी हात नाय लावला. पोरांना पण लावू नाय दिला."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माथ्याकडे बघितलं. निशाण अजून उभं होतं, एका कडेनं पेटत होतं.

"कारभारी," साहेब म्हणाले, "ही माझी नाही."

लखमाला कळेना. त्यानं निशाणाकडे बोट दाखवलं. साहेबांनी अंगातला कोट काढला आणि धावत जाऊन आग झोडपायला लागले. तेव्हा कुठे पाडा उठला. एकदा उठल्यावर त्यांनी जिवाची पर्वा केली नाही, हेही सांगायला हवं. पण उशीर झाला होता. बरीचशी लागवड गेली. आग खालच्या काळ्या पट्ट्यापाशी आली, तिथे तिला खायला काही मिळालं नाही आणि ती आपोआप बसली. पट्ट्याच्या पलीकडच्या कुडाच्या झोपड्यांना धगसुद्धा लागली नाही. साहेब पट्ट्यावर उभे राहून त्याच्याकडे बघत होते. आपलं खरं ठरलं याचा आनंद असल्या वेळी कसा मानायचा, हे त्यांना ठरवता येत नसावं. मला तर रडूच आलं, धुराच्या नावाखाली रडून घेतलं.

चौकशीला वरचे साहेब जातीनं पाड्यावर आले. खाट टाकली, पाडा पुढे बसला. मुंबई राज्याची दोन राज्यं नुकतीच होऊ घातली होती आणि डोंगरापलीकडचा मुलूख गुजरातेत जाणार होता. वरचे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी आपणहून वाट काढून दिली, की आग पलीकडून आली असेल तर रेंजरकडे दोष येत नाही. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. पाडा विझवायला आला होता का? कारण वणवा पलीकडचा असो की अलीकडचा, पाडा बसून राहिला असेल तर सवलत बंद. दुसऱ्यांदा, म्हणजे कायमची बंद.

लखमा खाली बघत होता. त्याच्यामागे बसलेल्या बायकांना प्रश्न बरोबर कळला होता, त्यांच्यातलं बोलणं एकदम थांबलं.

"आग माझी होती," साहेब म्हणाले. "मी लावली. हात लावू नका असं यांना मीच बजावलं होतं. त्यांनी ऐकलं."

मी तोंड उघडलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. वरचे साहेब म्हणाले, की बंदीचा हुकूम असताना, चैत्रात, इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस आग लावतो? साहेब म्हणाले, हो, वाऱ्याचा अंदाज चुकला. जन्मात वाऱ्याचा अंदाज न चुकलेला माणूस, आणि सगळ्या पाड्यासमोर हे सांगतोय.

पाड्याची सवलत राहिली. साहेबांची बदली दूरच्या एका लाकडाच्या डेपोवर झाली, जिथे गवताची काडीसुद्धा नव्हती, नुसते ओंडके. आणि डहाणूत जो तो म्हणायला लागला की आम्ही सांगत नव्हतो? आपलीच आग त्यांना आवरली नाही. शेठ म्हणाले, हेडमास्तर म्हणाले, न्हाव्यानं तर गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. मी किती जणांशी भांडलो असेन! त्या दिवशी ते माझ्यासमोर चहावरून चिडत होते, असं सांगायचो. लोक म्हणायचे, तू त्यांचा कारकून, तू असंच म्हणणार. आणि साहेबांनी स्वतःच कबूल केल्यावर माझ्या सांगण्याला कोण विचारतो? इतका संताप मला दुसऱ्या कशाचा आला नसेल. खोटं बोलायचं तर जरा कमी जोरात बोलायचं.

नवे रेंजर आले. त्यांना कुणाच्या मताशी देणंघेणं नव्हतं. आगीचं नाव काढायचं नाही, हा त्यांचा पहिला हुकूम. पुढच्या माघात आम्ही डोंगरीपाड्याला गेलो. सागाची गंमत अशी, की वरून जळाला तरी मुळातून फुटतो. उतारावर जळक्या खुंटांतून नवे फुटवे आले होते, पुरुषभर उंच. आणि त्यांच्याभोवती, खालून, वरून, माथ्याच्या कडेनंही, एकसंध काळा पट्टा होता. कुठे ठिगळ नाही, कुठे सुटलेली जागा नाही. माथ्यावर एका बांबूला पिवळ्या कापडाची अर्धवट जळालेली चिंधी बांधलेली होती.

नवे साहेब लालबुंद झाले. लखमाला बोलावलं. ही आग कुणी लावली?

"साहेबांची आग हाय," लखमा म्हणाला.

"मी कधी लावली?"

"तुमची नाय," लखमा शांतपणे म्हणाला. "साहेबांची."

नव्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, की पूर्वीच्या रेंजरनी लावलेली दिसते. ते तर इथे नाहीत, नवे साहेब म्हणाले. मी म्हटलं, त्यांचं काही सांगता येत नाही. मनात मात्र मी लखमाला शिव्या घालत होतो. अरे बाबा, हेच वर्षभर आधी केलं असतंस तर?

रजा टाकून मी लाकडाच्या डेपोवर गेलो. एवढी मोठी बातमी पत्रानं कळवायची नव्हती. साहेब खोलीच्या ओट्यावर बसले होते, पूर्वीपेक्षा वाळलेले. वहिनींनी चहा केला. मी सगळं सांगितलं, पट्टा, फुटवे, निशाण, लखमा काय म्हणाला ते. मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील. माझेच भरून आले होते.

"कुठल्या बाजूनं लावली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही.

"वारा कुठला होता? पट्टा किती रुंद? पहाटे लावली की उन्हं आल्यावर?"

माहीत नाही म्हटल्यावर ते असे काही वैतागले की बस. म्हणाले, मग तुम्ही तिथे जाऊन बघितलंत काय? एवढी वर्षं माझ्याबरोबर काढलीत आणि वारा विचारला नाहीत? मी एवढ्या लांबून आलो, त्यांना आनंद व्हावा म्हणून आलो, आणि मी ओट्यावर बसून बोलणी खात होतो. त्यांनी खिशातली काडेपेटी काढून खुळखुळवली आणि परत ठेवली.

"माथ्यापर्यंत सबंध आहे?" मग त्यांनी विचारलं. मी सबंध म्हटलं.

"आणि निशाण?"

मी सांगितलं, की चिंधीच उरलीये, पुढच्या पावसात तीही जाईल.

साहेबांनी मान हलवली आणि सहज अंगणातल्या दोरीकडे बघितलं. वहिनी हातातली कपबशी ठेवून उठल्या, दोरीवर वाळत घातलेली पिवळी साडी काढली आणि घडी न घालताच ती आत घेऊन गेल्या.